डी अँड डीमध्ये हीलर कसा बनवायचा? मोबाईलवर, फुकटात आणि नुसतं बँडेज बांधत न बसता



बीजीएमआय खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टीममेट नॉक झाला की सगळे एकदम ओरडतात, कोणीतरी धूर टाकून त्याच्यापर्यंत पोहोचतो, रिव्हाइव्ह करतो आणि मॅच संपल्यावर चर्चा होते ती फक्त कोणाचे किल किती झाले याची. वाचवणाऱ्याचं काम मात्र सगळ्यांना हवं असतं. फक्त ते दुसऱ्या कोणीतरी करावं, एवढंच!

आज आपण ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत त्यात हे काम करणाऱ्याला हीलर म्हणतात. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. हा स्क्रीनवरचा गेम नाही, बोलून खेळायचा खेळ आहे. एक जण गोष्ट चालवतो, तो डंजन मास्टर म्हणजे डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही ते फासा ठरवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी हा खेळ बाजारात आणला. आज फोनवर जे जे लेव्हल, एचपी, क्लास असलेले गेम तुम्ही खेळता, त्यातल्या बऱ्याच कल्पनांचं मूळ इथे आहे.

मी वाशिमला राहते आणि या खेळात हीलरच खेळते. आमचा गट पाच जणांचा आहे. आम्ही दोघी वाशिमच्या, एक जण रिसोडचा, एक कारंज्याचा आणि डीएम पुण्यात इंजिनिअरिंगला. शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर भेटतो. लाइट गेली किंवा नेटवर्क पडलं की गाडी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते आणि तिथे लिहून खेळ पुढे सरकतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत खेळ बंद. म्हणजे यासाठी पुण्या-मुंबईतला गेमिंग कॅफे लागत नाही, चार मित्र आणि चार्ज असलेला फोन लागतो.

आधी फुकट आणि कायदेशीर काय ते बघू

टेलिग्रामवर या खेळाच्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ फिरतात. त्यांची खरंच गरज नाही. हा खेळ ज्या कंपनीचा आहे त्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने जानेवारी २०२३ मध्ये खेळाचे मूळ नियम ‘एसआरडी ५.१’ या नावाने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. त्याआधी कंपनी जुना परवाना बदलायला निघाली होती, जगभरचे खेळाडू भडकले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्या भांडणाचा फायदा आपल्याला झाला. सुमारे ४०० पानांची ती पीडीएफ कोणीही डाउनलोड करू शकतं, शेअर करू शकतं आणि मूळ स्रोताचा उल्लेख केला तर त्याचं मराठी भाषांतर करून वाटूसुद्धा शकतं. हो, विकूही शकतं.

शेवटची गोष्ट पुन्हा एकदा वाचा. मराठीत या खेळाचे नियम लिहून ग्रुपवर टाकायला कोणाची परवानगी मागायची गरज नाही. आम्ही आमच्या गटासाठी एका पानाचा मराठी कॅरेक्टर शीट याच जोरावर बनवला. स्पेलची नावं तेवढी इंग्रजीच ठेवली, कारण ॲपमध्ये शोधताना तीच लागतात.

पात्र ठेवायला डी अँड डी बियाँड या साइटवर फ्री अकाउंट काढलं की सहा पात्रं बनवता येतात. फासे नसतील तर गुगलवर रोल डाइस असं टाइप करा, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे तिथेच पडतात. नाहीतर वही आणि पेन. वहीला चार्जिंग लागत नाही.

एक सूचना. २०२४ मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती आली. त्यात काही आकडे बदलले आहेत. मी खाली जे सांगतेय ते २०१४ च्या नियमांप्रमाणे, म्हणजे एसआरडी ५.१ मधलं आहे. फरक जिथे मोठा आहे तिथे सांगेनच. गटात सगळ्यांनी एकच आवृत्ती धरायची, एवढं मात्र पहिल्या दिवशी ठरवून टाका.

हीलरचं काम एचपी भरणं नाही

मला हा लेख लिहायचाय तो मुळात एवढ्याच वाक्यासाठी. नवीन माणूस हीलर घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात असतं की कोणाचा एचपी कमी झाला की तो भरायचा. मोबाईल गेममध्ये तसं चालतं, कारण तिथे काही सेकंदांत स्किल पुन्हा तयार होतं. डी अँड डीमध्ये स्पेल मोजून मिळतात. त्यांना स्पेल स्लॉट म्हणतात. स्लॉट म्हणजे रोजचा डेटा पॅक समजा. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला दिवसाला दोन स्लॉट मिळतात. रात्रीची पूर्ण झोप झाली की ते परत भरतात, तोवर नाही. याशिवाय कॅन्ट्रिप नावाचे छोटे स्पेल असतात, ते अनलिमिटेड.

आता हिशेब करा. साधा क्युअर वूंड्स हा स्पेल आठ बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढा आणि वर तुमच्या विस्डमचा बोनस, एवढा एचपी देतो. बोनस +३ धरला तर सरासरी साडेसात. ओगर नावाचा राक्षस एका फटक्यात सरासरी १३ घालवतो. म्हणजे तुम्ही दिवसाचा अर्धा डेटा खर्च केला, तुमची पूर्ण पाळी गेली आणि राक्षसाचा एक फटकासुद्धा भरून निघाला नाही. २०२४ च्या नियमांत क्युअर वूंड्सला दोन फासे केले आहेत, तरी सरासरी १२ च होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या खेळात १ एचपी असलेलं पात्र आणि ३० एचपी असलेलं पात्र सारख्याच जोराने तलवार मारतं. जखमी झाला म्हणून कोणी कमजोर होत नाही. फरक पडतो तो फक्त शून्यावर. शून्य झाला की पात्र बेशुद्ध पडतं आणि प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतं. १० किंवा जास्त आलं तर एक यश, कमी आलं तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर जीव टिकला, तीन अपयशं आधी आली तर पात्र मेलं. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर माणूस १ एचपीवर उठून उभा! कोणीही मदत केली नाही आणि कोणी मारलंही नाही, तर दहातल्या साधारण सहा वेळा पात्र वाचतं.

पण शत्रू जवळ उभा असेल तर हे गणित बिघडतं. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून लागलेला वार थेट क्रिटिकल धरला जातो आणि त्याची दोन अपयशं मोजतात. म्हणजे दोन वार लागले की खेळ खल्लास. म्हणून हीलरने लक्ष ठेवायचं ते एचपीच्या आकड्यावर नाही, तर तीन प्रश्नांवर. कोण पडू शकतो? पडला तर त्याच्याजवळ कोण उभं आहे? आणि माझ्यानंतर पाळी कोणाची?

चला, पात्र बनवू

हीलिंग बऱ्याच क्लासना जमतं. ड्रूइड गुडबेरी नावाची दहा बोरं काढतो, प्रत्येक बोर १ एचपीचं. पॅलाडिनकडे लेव्हलच्या पाचपट एचपीचा साठा असतो, त्यातला एकेक एचपी देऊनही पडलेला माणूस उठवता येतो. बार्ड बोलून-गाऊन दुसऱ्यांच्या फाशात भर घालतो आणि माझ्या मते खेळायला सगळ्यात मजेदार तोच. पण पहिल्यांदा बनवत असाल तर क्लेरिक घ्या आणि त्यातला लाइफ डोमेन. कारण साधं आहे, एसआरडी ५.१ मध्ये क्लेरिकचा तेवढाच एक प्रकार फुकट दिलाय आणि नशिबाने हीलरसाठी तोच सगळ्यात चांगला.

वंश म्हणून मी हिल ड्वार्फ घेतला, म्हणजे डोंगरातले बुटके, दणकट लोक. त्यांना कॉन्स्टिट्यूशन +२ आणि विस्डम +१ मिळतं, शिवाय प्रत्येक लेव्हलला एक एचपी जास्तीचा.

गुण वाटायला खेळात सहा ठरलेले आकडे आहेत, १५, १४, १३, १२, १०, ८. मी ते असे लावले: विस्डम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ १३, करिश्मा १२, डेक्स्टेरिटी १०, इंटेलिजन्स ८. ड्वार्फची भर घातली की विस्डम १६ आणि कॉन्स्टिट्यूशनही १६, दोन्हींचा बोनस +३. एचपी १२. लाइफ डोमेनमुळे जड चिलखत चालतं, त्यामुळे साखळ्यांचं चिलखत आणि ढाल मिळून आर्मर क्लास १८. म्हणजे शत्रूला तुम्हाला मारायचं तर फासा आणि त्याचा बोनस मिळून किमान १८ व्हायला हवेत. गोब्लिनचा बोनस +४ असतो, त्याला १४ किंवा वर पाडावे लागतात. शंभरात पस्तीस वेळा.

आता कळलं का मी १४ कॉन्स्टिट्यूशनला का दिला? करिश्मा वाढवून गोड बोलणारी, मागे उभी राहणारी हीलर छान दिसते. पण तिला दोन बाण लागले की ती पडते आणि हीलर पडला की त्याला उठवायला कोणी नसतं. चिलखतवाली हीलर पुढच्या रांगेत, फायटरच्या खांद्याला खांदा लावून उभी राहू शकते.

लाइफ डोमेनची खासियत म्हणजे डिसायपल ऑफ लाइफ. स्लॉट खर्च करून एचपी दिला की त्यात २ आणि स्पेलची लेव्हल एवढी भर पडते. पहिल्या लेव्हलच्या स्पेलला +३. मगाचा साडेसातचा क्युअर वूंड्स साडेदहावर गेला. ओगरपुढे अजूनही कमीच, पण बरा. २०२४ च्या आवृत्तीत हा डोमेन पहिल्या लेव्हलला मिळत नाही, तिसऱ्या लेव्हलला निवडायचा असतो आणि जड चिलखत हवं असेल तर सुरुवातीला प्रोटेक्टर हा पर्याय घ्यावा लागतो.

कोणते स्पेल घ्यायचे?

लाइफ डोमेनला ब्लेस आणि क्युअर वूंड्स कायमचे तयार मिळतात. त्याशिवाय विस्डमचा बोनस अधिक लेव्हल, म्हणजे आपले चार स्पेल रोज सकाळी निवडायचे. मी निवडते ते हीलिंग वर्ड, सँक्च्युअरी, शील्ड ऑफ फेथ आणि गायडिंग बोल्ट.

यातला हीलिंग वर्ड सोडून बाकी काहीही बदला. चार बाजूंचा फासा, वर +३, वर लाइफ डोमेनचे +३. सरासरी साडेआठ. आकडा क्युअर वूंड्सपेक्षा कमी, मग एवढं कौतुक कशाला? कारण तो ६० फुटांवरून चालतो आणि त्याला बोनस ॲक्शन लागते, पूर्ण ॲक्शन नाही. म्हणजे पडलेल्या मित्राला दुरून हाक मारून उठवायचं आणि त्याच पाळीत कॅन्ट्रिप टाकून शत्रूलाही एक ठेवून द्यायची. शिवाय तो नुसता बोलून होतो. क्युअर वूंड्सला हात मोकळा लागतो, इथे एका हातात ढाल आणि दुसऱ्यात गदा असली तरी चालतं. फक्त एक अट आहे, बोनस ॲक्शनने स्पेल टाकला तर त्या पाळीत दुसरा स्पेल कॅन्ट्रिपच हवा.

ब्लेस हा माझा लाडका. तीन जणांना देता येतो, एक मिनिट टिकतो, म्हणजे बहुतेक वेळा अख्खी लढाई. त्या तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि प्रत्येक बचावाच्या फाशात चार बाजूंचा एक फासा मिळवायचा. सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे साडेबारा टक्के. छोटं वाटतं ना? तीन जण चार फेऱ्या लढले तर बारा हल्ले झाले, त्यात दीड वार जास्तीचे लागले. गोब्लिनचे एचपी ७ असतात, एक बरा वार बसला की तो गेला आणि मेलेला गोब्लिन पुढच्या फेरीत वार करत नाही. जी जखम झालीच नाही ती भरायला स्लॉट लागत नाही.

ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे तुम्हाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा फासा टाकून तो टिकवावा लागतो. किमान १० हवेत, किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, जे जास्त असेल ते. +३ बोनस असेल तर छोट्या मारावर शंभरात सत्तर वेळा टिकतो. शील्ड ऑफ फेथलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, त्यामुळे दोन्ही एकत्र चालत नाहीत. सँक्च्युअरीला लागत नाही. ज्याच्यावर सँक्च्युअरी आहे त्याला मारायचं तर शत्रूला आधी विस्डमचा फासा जिंकावा लागतो.

कॅन्ट्रिपमध्ये गायडन्स, सेक्रेड फ्लेम आणि स्पेअर द डाइंग. गायडन्स लढाईत नाही, लढाईबाहेर कामाला येतो. कुलूप उघडायचंय, भिंत चढायचीय, सरदाराला पटवायचंय, प्रत्येक वेळी मित्राच्या फाशात चार बाजूंचा एक फासा जोडायचा. अनलिमिटेड आहे, कंजुषी करू नका. स्पेअर द डाइंग पडलेल्याचा जीव टिकवतो पण त्याला उठवत नाही. स्लॉट संपल्यावर तेवढाच आधार. बाजारात हीलर्स किट मिळते, पाच सोन्याची नाणी, दहा वेळा वापरा. हीच गोष्ट तीही करते आणि ती कोणाच्याही हातात देता येते. फायटरच्या बॅगेत एक टाकून ठेवा, तुम्ही पडलात तर कोणाला तरी ती वापरता आली पाहिजे.

एक लढाई, पाळीपाळीने

समजा चौघे आहेत: फायटर, रोग, विझर्ड आणि आपण. झाडीतून चार गोब्लिन आले.

पहिली फेरी. अजून कोणाला ओरखडाही नाही. नवीन हीलर इथे म्हणतो, “मी थांबते, कोणी जखमी झालं की सांगा.” अजिबात थांबायचं नाही! हीच ब्लेस टाकायची वेळ. फायटर, रोग आणि विझर्ड, तिघांवर टाकला. स्वतःवर टाकला नाही कारण मारण्याचं काम त्यांचं.

दुसरी फेरी. रोगला दोन बाण लागून तो शून्यावर गेला. डिस्कॉर्डवर ओरडा सुरू, “ए, मले उठव ना आधी!” आता पाळ्यांचा क्रम बघायचा. माझ्यानंतर लगेच रोगची पाळी असेल तर आत्ता हीलिंग वर्ड टाकणं सोन्यासारखं. तो उठेल, वार करेल, मग सरकून आडोशाला जाईल. पण माझ्यानंतर गोब्लिनची पाळी असेल आणि ते त्याच्या अंगावर उभे असतील, तर साडेआठ एचपी देऊन उठवलेला माणूस स्वतःची पाळी यायच्या आत पुन्हा झोपू शकतो. अशा वेळी मी आधी पुढे जाऊन उभी राहते, म्हणजे गोब्लिनला समोर चिलखत दिसेल, मग त्याला उठवते. याच पाळीत सेक्रेड फ्लेमही टाकते. ब्लेस चालूच राहतो, कारण हीलिंग वर्डला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही.

दोन्ही स्लॉट संपले. बघा, दिवसभरात मी एचपी दिला तो एकाला, तोही एकदाच. बाकी काम ब्लेसने आणि ढालीने केलं.

लढाई संपली की लगेच “सगळ्यांना हील कर” असा मेसेज येतो. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे, एक तास बसा. खेळात शॉर्ट रेस्ट नावाची तासाभराची विश्रांती असते. त्यात प्रत्येक जण स्वतःचे हिट डाइस खर्च करून स्वतःचा एचपी भरतो. ते फुकट आहे. फुकटचं असताना माझा डेटा कशाला?

गोष्ट कुठली लावायची?

इथे बरेच जण इंग्रजी नावं आणि बर्फाचे किल्ले उचलतात. चालतं. पण आपल्याकडे माल कमी नाही. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एका शाखेची ही राजधानी होती. पाचव्या शतकाच्या अखेरीस इथे हरिषेण राजा होता आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून दान दिलं. आमच्या डीएमने गोष्ट तिथेच लावली, वत्सगुल्माहून अजिंठ्याकडे निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा आणि वाटेत नाना भानगडी.

मग माझा हिल ड्वार्फ कोण झाला? डोंगरात लेणी कोरणाऱ्या पाथरवटांपैकी एक. ड्वार्फला दगडकामाची उपजत समज असते असा नियमच आहे, तो इथे फिट बसला. माझी रेवा त्या पाथरवटांची वैद्य आहे. छिन्नी सुटून फुटलेली बोटं, डोळ्यांत गेलेला दगडाचा कण, धुळीने धरलेली छाती, हे तिचं रोजचं काम. क्लेरिकला देव लागतो, पण आम्ही गावातल्या किंवा कुठल्याही चालत्या देवस्थानाचं नाव खेळात घेत नाही, हा गटाचा नियम आहे. रेवा लेण्यात रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची शपथ घेते आणि तिच्या ढालीवर तो दिवा रंगवलेला आहे.

एवढी गोष्ट कशाला? कारण हीलरला प्रत्येक लढाईत निवड करावी लागते, आधी कोणाला वाचवू. रेवा आधी मजुराला वाचवते, मग सरदाराला. एकदा यावरून तांड्याच्या मालकाशी तिचं कडाक्याचं भांडण झालं आणि ती रात्र आमच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त रंगली.

“तू नवीन आहेस ना, मग हीलर घे”

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. उशिरा आलेल्याला, लहान भावाला आणि गटात मुलगी आली की तिला तर नक्कीच. मलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, “तू हीलर घे, मागं उभी राय, आम्ही पाहून घेऊ.” मी हीलर घेतला आणि पुढे उभी राहिले.

गमतीचा भाग सोडा, पण हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या. हीलर कोणालाच नको असेल तर कोणावर लादू नका. औषधाच्या बाटल्या मिळतात, एक बाटली दोन चौफासे अधिक २ एवढा एचपी देते, ५० सोन्याची नाणी. हीलर्स किट आहे, शॉर्ट रेस्ट आहे. हीलर नसलेला गटही खेळू शकतो, डीएमने फक्त थोडं सांभाळून घ्यायचं. आणि कोणी आवडीने हीलर घेतला तर त्याच्या पाळीला बाकीच्यांनी रिमोट चालवायचा नाही. “तिला दे, मला दे, आता हा टाक” हे सुरू झालं की समोरचा माणूस खेळत नसतो, बटण दाबत असतो. आमच्याकडे साधा नियम आहे: मदत मागायची ती पात्राच्या तोंडून. फायटर रणांगणात “रेवा, इकडे!” असं ओरडू शकतो, पण हीलिंग वर्ड टाकायचा की सँक्च्युअरी ते रेवा ठरवणार.

पुढच्या लेव्हलला काय मिळतं?

दुसऱ्या लेव्हलला प्रिझर्व्ह लाइफ मिळतं आणि तिथून लाइफ क्लेरिक खऱ्या अर्थाने सुरू होतो. लेव्हलच्या पाचपट एचपी, म्हणजे आधी १०, तो ३० फुटांतल्या कितीही जणांत हवा तसा वाटायचा. अट एवढीच की कोणालाही त्याच्या निम्म्याच्या वर नेता येत नाही. यात स्लॉट जात नाही आणि एक शॉर्ट रेस्ट झाली की पुन्हा वापरता येतं. तिघे एकदम पडले असतील तर एकाच पाळीत तिघांना उभं करता येतं. हे मी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवते.

तिसऱ्या लेव्हलला एड घ्या. तीन जणांचा एचपी आणि त्याची मर्यादा, दोन्ही ५ ने वाढतात, आठ तासांसाठी, कॉन्सन्ट्रेशनशिवाय. सकाळी निघतानाच टाकून द्यायचा. याच लेव्हलला स्पिरिच्युअल वेपन आपोआप मिळतो, बोनस ॲक्शनने वार करणारं तरंगतं शस्त्र, म्हणजे ज्या फेरीत कोणी पडलेलं नाही त्या फेरीतही बोनस ॲक्शन वाया जात नाही.

पाचव्या लेव्हलला रेव्हिव्हिफाय. मेल्यापासून एक मिनिटाच्या आत हा स्पेल टाकला तर पात्र १ एचपीवर परत येतं. पण त्यासाठी ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि वापरले की ते संपतात. स्पेल आहे पण हिरे नाहीत अशी वेळ बऱ्याच गटांवर येते, म्हणून हा खर्च हीलरच्या वाट्यातून नाही, सगळ्यांच्या वर्गणीतून करायचा. आमचा रोग सुरुवातीला कुरकुरला, “मी काऊन देऊ?” विझर्डने त्याला शांतपणे विचारलं, या गटात सगळ्यात जास्त वेळा कोण पडतं? त्याने त्याच रात्री शंभर नाणी काढून दिली.